कायद्यानेच बंधनकारक आहे, तर जहाजाच्या कॅप्टनला पदक कशाचं?

बर्डीवाला

राधिका मेनन हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. मर्चंट नेव्हीत कॅप्टन झालेल्या पहिल्या भारतीय महिला, मूळच्या केरळातल्या कोडुंगल्लूरच्या. जून २०१५ मध्ये त्या शिपिंग कॉर्पोरेशनच्या 'संपूर्ण स्वराज्य' या तेलवाहू जहाजावर होत्या. ओडिशात गोपालपूरजवळच्या समुद्रात 'दुर्गम्मा' नावाची मासेमारी बोट इंजिन बंद पडून, नांगर गमावून भरकटत होती. बोटीत सात जण, त्यातला सगळ्यात लहान १५ वर्षांचा. खाणं-पाणी लाटांनी नेलेलं, मासे टिकवायला घेतलेल्या बर्फावर दिवस काढत होते. लाटा २५ फुटांच्या वर, वारा ६० नॉटच्या पुढे, त्यात धो धो पाऊस. दोन प्रयत्न फसले, तिसऱ्या प्रयत्नात सातही जण जहाजावर आले. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, त्यांना लंडनला बोलावून शौर्यपदक दिलं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

इथवर ठीक. पण आमच्या मेहुण्याने जेवता जेवता खोडा घातला. म्हणे, समुद्रात कोणी बुडत असेल तर मदतीला जाणं कॅप्टनवर कायद्यानेच बंधनकारक आहे. मग पदक कशाचं? ट्रॅफिक हवालदाराला व्हरायटी चौकात उभं राहिल्याबद्दल पदक देतो का आपण?

मला पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. इथे कोणी जहाजावरचं असेल तर सांगा.

खडूस_महालकर

घ्या! समुद्रापासून इतक्या दूर नागपुरात बसून हे लोक जहाजाचे वाद घालून राहिले. अंबाझरी तलावात पेडल बोट चालवताना लाइफजॅकेट घालत नाही बे आपण, आणि म्हणे पायलट न् कॅप्टन.

मेहुण्याचा मुद्दा मात्र मले पटला.

जुना_दर्यावर्दी

मी आयुष्याची बरीच वर्षं टँकरवर काढली, चीफ ऑफिसर म्हणून उतरलो, आता प्रतापनगरात असतो. बर्डीवाला, तुमच्या मेहुण्याला मी त्या तिसऱ्या प्रयत्नाबद्दलच सांगेन.

भरसमुद्रात छोट्या बोटीतून माणूस मोठ्या जहाजावर घेतात तो पायलट लॅडरने. दोराची शिडी, लाकडी पायऱ्या, जहाजाच्या बाजूला लटकत सोडलेली. बंदराच्या तोंडाशी, बऱ्या हवेतसुद्धा, रोज हेच काम करणारे तरबेज पायलट, म्हणजे बंदरात जहाजाला वाट दाखवायला चढणारे, त्या शिडीवरून पडतात. काही जण जिवाला मुकतात. मेनन यांनी वापरली ती हीच शिडी. लाइफजॅकेट आणि लाइफबॉय तयार ठेवले होते.

आता जहाज. त्याला ब्रेक नसतो. इंजिन थांबवलं तरी वेगाप्रमाणे बराच पल्ला जातं. पूर्ण थांबलं की मग वारा त्याला बाजूने ढकलायला लागतो. अशा हवेत बोटीजवळ जायचं म्हणजे जहाज वाऱ्याला आडवं घालायचं आणि बोट आडोशाच्या अंगाला घ्यायची. आम्ही याला 'ली करणं' म्हणतो. आडोशाला लाट थोडी मोडते, शिडी लावता येते. पण आडवं घातलेलं जहाज भयानक लोळतं. शिडीचं खालचं टोक घटकेत पाण्यात, घटकेत हवेत. शिवाय वारा जहाजाला त्या बोटीवरच रेटत आणतो. मच्छीमाराची बोट पोलादाच्या भिंतीवर दोनदा नीट आपटली की फुटते. मध्ये कोणी सापडला तर बोलायलाच नको.

वर येणाऱ्याने काय करायचं? लाटेबरोबर बोट उंच आली की, अगदी टोकाला असतानाच, शिडी धरायची. खाली असताना धरली तर पुढच्या लाटेला बोट खालून येऊन पाय चिरडते. धरली की थांबायचं नाही, पटापट चढायचं. हे कोणी करायचं, तर अनेक दिवस उपाशी, हातापायात त्राण नसलेल्या माणसाने. आणि सगळ्यात आधी कोण, सगळ्यात शेवटी कोण हे त्या बोटीतच ठरवावं लागतं. शेवटच्याला खालून आधार द्यायला कोणी उरत नाही.

एक फेरी फसली की जहाज फिरवून परत त्याच जागी आणायचं. तेवढ्यात बोट कुठल्या कुठे गेलेली असते, पावसात दिसतही नाही. ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, उभ्या असलेल्या कॅप्टनला प्रत्येक फेरीनंतर ठरवायचं असतं, अजून एकदा जायचं की पुरे. डेकवर शिडीपाशी आपली माणसं उभी आहेत, त्यांच्यावर पाणी चढतंय, त्यातला एखादा गेला तर जबाबदार तीच. दोन फेऱ्यांनंतर तिने 'शक्य नाही' असं लिहून कोस्ट गार्डला कळवलं असतं तर जगातल्या कुठल्याही कोर्टाने तिला दोष दिला नसता.

वकीलसाहेब_सदर

दर्यावर्दी काकांनी शेवटच्या वाक्यात माझं काम अर्धं केलं.

कायदा नेमका काय म्हणतो बघा. संयुक्त राष्ट्रांच्या समुद्रविषयक कराराचं ९८वं कलम आणि सोलास या समुद्रावरच्या जीवसुरक्षेच्या करारातल्या पाचव्या प्रकरणाचा ३३वा नियम, या दोन्हींत कॅप्टनने संकटातल्या माणसांच्या मदतीला शक्य तितक्या वेगाने जावं असं बंधन आहे. राष्ट्रीयत्व, दर्जा, कुठल्या परिस्थितीत सापडले, काही बघायचं नाही. पण ९८व्या कलमातच एक अट आहे: जहाज, खलाशी आणि प्रवासी यांना गंभीर धोका न होता जेवढं करता येईल तेवढं. सोलासमध्येही, जाणं शक्य नसेल किंवा त्या परिस्थितीत अवाजवी किंवा अनावश्यक वाटत असेल तर न जाण्याची मुभा आहे. मात्र मग न जाण्याचं कारण लॉगबुकात नोंदवावं लागतं. जायला कारण लागत नाही, न जायला लागतं.

म्हणजे गंभीर धोका सुरू झाला की कायद्याचं बंधन ढिलं पडतं. पदकं दिली जातात ती जवळजवळ नेहमी त्याच्या पलीकडच्या पट्ट्यातल्या कामाला. मेहुण्यांना सांगा, हवालदाराची उपमा तिथे लागू होत नाही.

अजून एक, कारण हे फार लोकांना माहीत नसतं. समुद्रात मालमत्ता वाचवली तर मोबदला मिळतो, कधी कधी घसघशीत. माणूस वाचवला तर त्या माणसाकडून एक पैसा मागता येत नाही. १९८९च्या साल्व्हेज कराराचं १६वं कलम. मालाबरोबर माणसंही वाचवली असतील तर माल वाचवणाऱ्याच्या मोबदल्यात माणसं वाचवणाऱ्याचा वाजवी हिस्सा असतो, बस. १८८०चा एक इंग्लिश खटला आम्हाला कॉलेजात होता, स्कारामांगा विरुद्ध स्टँप. गव्हाचं जहाज वाटेत अडचणीतल्या दुसऱ्या जहाजाजवळ गेलं. नुसती माणसं उतरवून घेता आली असती. पण हजार पौंडांच्या बोलीवर ते जहाजच ओढत न्यायला घेतलं आणि स्वतःच वाळूत रुतलं, गहू गेला. कोर्ट म्हणालं, जीव वाचवायला वाट सोडली तर माफ, माल वाचवायला सोडली तर नुकसान तुमचं.

तेव्हा जीव वाचवण्याच्या खात्यात पैसा जवळपास नाहीच. पदक आहे, आणि पत्र आहे.

इतवारीचा_नाणेवाला

वकीलसाहेब, पदकाआधी बराच काळ दुर्बीण होती आणि घड्याळ होतं!

मी जुनी नाणी-पदकं जमवतो. एकोणिसाव्या शतकात परदेशी कॅप्टनने ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसं वाचवली की ब्रिटिश सरकार त्याला कोरीव मजकुराची दुर्बीण द्यायचं आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष सोन्याचं घड्याळ. कॅप्टनला उपयोगी पडेल, मुलांना सांगता येईल अशी वस्तू. लिलावात आजही येतात, आतल्या झाकणावर कॅप्टनचं आणि जहाजाचं नाव असतं.

पदकांत माझं आवडतं लॉइड्सचं, १८३६ पासूनचं. विमा उतरवणाऱ्यांनी माणसं वाचवल्याबद्दल पदक काढावं ही गंमत आहेच. पण चित्र बघा. विल्यम वायनने कोरलेलं. फुटक्या तराफ्यावर ग्रीक कथेतला युलिसिस आणि त्याच्यापुढे पाण्यातून वर आलेली समुद्रदेवता ल्युकोथिआ, त्याला आपली ओढणी देताना. मागे ओकच्या पानांची माळ. सुरुवातीची पदकं तळहातावर मावतील न मावतील एवढी, छातीवर लावायची सोयच नव्हती. फित आली ती नंतरच्या लहान पदकांना. घेताना कड फिरवून बघायची, मिळवणाऱ्याचं नाव तिथे कोरलेलं असतं. कड घासून गुळगुळीत केलेली असेल तर सरळ परत करायचं, नाव पुसलेल्या पदकाला मी तरी हात लावत नाही.

ब्रिटिश सरकारचं स्वतःचं समुद्रशौर्य पदक १८५४च्या मर्चंट शिपिंग कायद्यातून आलं. ते खलाशालाही मिळायचं, कॅप्टनच पाहिजे असं नव्हतं.

खडूस_महालकर

ओढणी! हे बरं हाय. आमच्याकडे नाग नदीले पूर आला तं कोणती देवता आली नव्हती, दोर घेऊन पोट्टेच आले होते.

अग्निशमन_विद्यार्थी

खडूस काका, तुम्ही सप्टेंबर २०२३ची गोष्ट काढलीच आहे तर बोलतो. मी इथल्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात शिकलो. त्या रात्री अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, पहाटे घराघरांत पाणी शिरलं, अग्निशमन दल, एसडीआरएफ, एनडीआरएफ आणि सैन्याच्या तुकड्या बोटी घेऊन उतरल्या.

आपल्याकडे नागरिकांसाठी जीवन रक्षा पदक आहे, १९६१ पासून. सर्वोत्तम, उत्तम आणि साधं अशा तीन श्रेणी. बुडणाऱ्याला वाचवणं त्यात पहिल्यांदा येतं. पण सैन्य, पोलीस आणि अग्निशमन दलाच्या माणसाला ते मिळतं फक्त ड्यूटीच्या बाहेर काही केलं असेल तर. ड्यूटीवरच्या शौर्यासाठी आमची पदकं वेगळी. म्हणजे मेहुण्याचा प्रश्न आपल्या सरकारलाही पडला होता आणि त्यांनी त्याचं उत्तर दोन खाती करून दिलं.

माझा प्रश्न असा: कॅप्टन कुठल्या खात्यात? मालवाहू जहाजाच्या कॅप्टनची ड्यूटी माल पोचवणं आहे. माणसं वाचवायचं प्रशिक्षण असतं, पण तो काही बचाव दलाचा माणूस नाही. आमच्याकडे बोलावणं आलं की चार गाड्या आणि सगळी हत्यारं घेऊन निघतो. त्यांच्याकडे जे आहे तेच, आणि मदतीला दुसरं जहाज असेलच असं नाही.

जुना_दर्यावर्दी

दुसरं जहाज असतं की नाही हे कळण्यासाठीच १९५८ मध्ये अमेरिकन कोस्ट गार्डने ॲम्व्हर सुरू केलं. जहाजं आपला मार्ग कळवत राहतात. कुठे संकट आलं की कोण सगळ्यात जवळ आहे, कोणाकडे डॉक्टर आहे, हे काढून त्याला वळवतात. भारताचं इंडसार आहे, मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअरची बचाव केंद्रं आपल्या हद्दीत हे काम बघतात. पण ताफा नसतो, हे खरं. आला तर एकटा मालवाहू येतो, आणि त्याची बाजू पाण्यापासून दोन-तीन मजले उंच.

धंतोलीची_मीरा

सगळं ठीक, पण शिडी धरून उभं राहणाऱ्यांचं काय? दर्यावर्दी काका स्वतःच म्हणाले, पाणी डेकवरच्या लोकांवर चढत होतं. नाव कॅप्टनचं.

टायटॅनिकच्या वेळचं बघा. १५ एप्रिल १९१२च्या पहाटे 'कार्पेथिया'ने लाइफबोटींतून ७०० च्या वर माणसं उचलली. कॅप्टन आर्थर रोस्ट्रन. त्याने हाक कळताच जहाज वळवलं, केबिनमधलं गरम पाणी आणि हीटिंग बंद करून सगळी वाफ इंजिनांकडे दिली, हिमनगांतून रात्रीच्या अंधारात जहाज दामटलं. वाटेतच सगळी तयारी: डॉक्टर कुठे बसतील, कॉफी-सूप कुठे, ब्लँकेटं, मुलांना वर ओढायला कॅनव्हासच्या पिशव्या. त्याला अमेरिकन काँग्रेसचं सुवर्णपदक मिळालं, पुढे 'सर' झाला. सगळं रास्त. वाचलेल्या प्रवाशांनी मात्र जहाजावरच्या प्रत्येकाला पदक दिलं. बरं वाटलं ना? आता पुढचं ऐका. हुद्द्याप्रमाणे सोनं, चांदी आणि ब्राँझ. बॉयलरपाशी त्या रात्री जास्तीचा कोळसा ओढणाऱ्याला ब्राँझ.

इतवारीचा_नाणेवाला

मीराताई, ब्राँझवालं मिळालं तर मी माझं अर्धं कपाट विकीन.

जुना_दर्यावर्दी

मीरा, राग बरोबर आहे. अलीकडे थोडं बदललंय. जानेवारी २०२४ मध्ये एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या नॅफ्था, म्हणजे झटकन पेट घेणारं तेल, भरलेल्या टँकरवर क्षेपणास्त्र आदळलं आणि आग लागली. जवळपास सगळे खलाशी भारतीय. ज्यांना नॅफ्था म्हणजे काय ते माहीत आहे ते अशा जहाजावरून आधी उड्या टाकतील. ते थांबले, फोमने आणि पाण्याने तासन्‌तास आग विझवत राहिले, मग नौदलाची 'आयएनएस विशाखापट्टणम' मदतीला आली. त्या वर्षीचं आयएमओचं पदक 'कॅप्टन अविलाश रावत आणि खलाशी' यांना मिळालं, विशाखापट्टणमचे कॅप्टन ब्रिजेश नांबियार आणि त्यांच्या लोकांना प्रशस्तिपत्र. ही माणसं वाचवण्याची नाही, जहाज आणि स्वतःला वाचवण्याची केस, पण 'आणि खलाशी' हे दोन शब्द मला महत्त्वाचे वाटतात.

तरी कॅप्टनचं नाव आधी येतं त्याला कारण आहे. चुकलं असतं तर चौकशीत उभा राहणारा तोच होता. 'खलाशी' म्हणून कोणाचं लायसन्स काढून घेत नाहीत.

खडूस_महालकर

चौकशीचं बोललात तं तौक्ते आठवा. मे २०२१, बॉम्बे हायच्या तेलविहिरींजवळ पी-३०५ बार्ज, म्हणजे कामगारांचा तरंगता तळ. २६१ माणसं वर. वादळाचा इशारा आधी आलेला, बार्ज तिथंच राहिला आणि बुडाला. नौदलाच्या कोची, कोलकाता या जहाजांनी आणि बाकीच्यांनी मिळून त्यावरची १८६ माणसं जिवंत काढली. अंधारात, त्या लाटांत, एकेक माणूस दिसेल तसा. पण ७० च्या वर गेले.

म्हणून म्हणतो राजेहो, पदकाचा फोटो छापून येतो तेव्हा मी आधी इचारतो, ही वेळ आणली कोणी? चांगला कॅप्टन तो, ज्याले पदक मिळायची पाळीच येत नाही. त्याचं नाव कोणाले माहीत नसते.

बर्डीवाला

खडूस, हे मेहुण्याला नाही सांगणार. तो दिवाळीपर्यंत डोकं खाईल.

धंतोलीची_मीरा

वेळ आणणारे आणि वाचवणारे वेगळे असतात ना पण. 'दुर्गम्मा'चं इंजिन मेनन यांनी नव्हतं बंद पाडलं.

आणि पदक मिळूनही छळ होतो त्याचं काय? ऑगस्ट २००१, नॉर्वेचं कंटेनर जहाज 'टॅम्पा'. कॅप्टन आर्ने रिनान. ऑस्ट्रेलियाच्या विनंतीवरूनच तो इंडोनेशियाच्या बाजूला बुडायला आलेल्या लाकडी बोटीपाशी गेला आणि ४३८ माणसं वर घेतली, बहुतेक अफगाण. त्याच्या जहाजावर खलाशी होते २७. मग ऑस्ट्रेलियाने बंदरात येऊ द्यायला नकार दिला. माणसं कंटेनरांवर, डेकवर, आजारी, आणि जहाज ख्रिसमस बेटाजवळ उभं. शेवटी हा आत निघाला तर कमांडो चढवले. पुढच्या वर्षी त्याला, खलाशांना आणि कंपनीला संयुक्त राष्ट्रांचा नान्सेन पुरस्कार मिळाला. इथे कायदा पाळल्याबद्दलच पुरस्कार आहे, वकीलसाहेब! त्याने जास्तीचा धोका समुद्राचा नाही, सरकारचा पत्करला.

वकीलसाहेब_सदर

मान्य, मीराताई. माझ्या पट्ट्यात टॅम्पा बसत नाही. त्यानंतरच सोलासमध्ये दुरुस्ती झाली. वाचवलेल्यांना सुरक्षित जागी उतरवण्यासाठी देशांनी कॅप्टनला सहकार्य करायचं आणि त्याचा खोळंबा कमीत कमी व्हायचा. कागदावर तरी आहे.

खर्चाचं म्हणाल तर वाट वळवल्यामुळे जादा लागलेलं तेल, वाचवलेल्यांचं अन्न, असलं जहाजमालकाला बहुधा पी अँड आय क्लबच्या, म्हणजे जहाजमालकांच्या सामायिक विमासंस्थेच्या, विम्यातून मिळतं. भाड्याने घेणारा मात्र उशिराबद्दल कुरकुरतो. कॅप्टनच्या कानावर ती कुरकुर पोचतेच.

कोराडीची_आई

मी इथे फक्त वाचते, आज लिहिते. माझा मुलगा टँकरवर थर्ड ऑफिसर आहे. त्यांच्या जहाजाने एकदा भूमध्य समुद्रात रबरी बोटीतून माणसं घेतली होती. त्याने घरी सांगितलंच नाही, मला त्याच्या मित्राच्या आईकडून कळलं.

सुट्टीवर आला तेव्हा विचारलं तर पराक्रमाचं काही बोलला नाही. त्याला आठवत होतं ते खाण्याचं. वर आलेली माणसं जेवणावर तुटून पडतील म्हणून कॅप्टनने आधी फक्त कोमट गोड चहा द्यायला लावला, घोट घोट. बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम पोटभर दिलं तर जिवावर बेतू शकतं. कुक आपलाच, कोकणातला. त्याने मोठ्या पातेल्यात पातळ मऊ भात केला, मिरची न घालता. तेवढ्या लोकांना ताटं नव्हती, मग पेपर कपातून भात. एक जण कप परत द्यायलाच तयार नव्हता, धरून बसला होता.

पदक-बिदक काही नाही. कंपनीचं पत्र आलं.

जुना_दर्यावर्दी

वहिनी, चहाचं अगदी बरोबर. तो कॅप्टन जाणता होता.

आयएमओच्या पदकासाठी नाव पाठवतात ती सरकारं आणि मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय संघटना. मेनन यांचं नाव भारत सरकारने पाठवलं होतं. कॅप्टन स्वतः अर्ज करत नाही. म्हणजे कोणीतरी लॉगबुकाची पानं, जबाब, फोटो गोळा करून पाठवायला हवं. बहुतेक ठिकाणी कोणी पाठवत नाही, जहाज पुढच्या बंदराला लागलेलं असतं.

अग्निशमन_विद्यार्थी

आणि मच्छीमार? त्यांचं तर लॉगबुकही नसतं. १९४७ साली 'रामदास' बोट रेवसच्या वाटेवर बुडाली तेव्हा वाचलेल्यांतले कितीतरी कोळ्यांच्या होड्यांमुळे वाचले असं आजी सांगायची, तिचं माहेर अलिबागकडचं. २०१८च्या केरळच्या पुरात मच्छीमार आपल्या बोटी ट्रकवर चढवून आतल्या गावांत घेऊन गेले होते. तिथे 'कॅप्टन' कोण म्हणायचं?

खडूस_महालकर

ज्याची बोट त्याचा कॅप्टन. द्या त्याले.

धंतोलीची_मीरा

चला, खडूस काका पदक द्यायला तयार झाले. स्क्रीनशॉट काढून ठेवते.

कोराडीच्या काकू, त्या पत्रात मुलाचं नाव आहे का? आणि कुकचं?

कोराडीची_आई

फोन लावून विचारलं. नावं कोणाचीच नाहीत म्हणाला. 'मास्टर, ऑफिसर्स अँड क्रू' एवढंच आहे. शिडीपाशी बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, होता, आणि पंप रूमचा एक मुलगा. कुक अजून त्याच जहाजावर आहे. पत्राची झेरॉक्स प्रत्येकाला दिली होती, याची माझ्याकडे कपाटात आहे. लॅमिनेट करून आणावी म्हणते.

इतवारीचा_नाणेवाला

काकू, लॅमिनेट अजिबात करू नका. ते प्लॅस्टिक पुढे पिवळं पडतं आणि कागदासकट निघतं. आम्लविरहित कागदाची पाकिटं मिळतात, माझ्याकडे आहेत, रविवारी इतवारीत आलात तर देतो. आणि मुलगा आला की पत्राच्या मागे नाही, वेगळ्या कागदावर, त्या दिवशी डेकवर कोण कोण होतं ती नावं पेन्सिलने लिहून घ्या. कुकचं पण.